नुच्चव्वाचं माहेर

माझी नात दोन महिन्यांपूर्वी पलंगावर माझ्या पायाशी बसून मोबाइलवर काहीतरी शोधत होती. तिच्या कॉलेजातल्या पोरींनी नवीन खूळ काढलं होतं. आपापल्या आजीच्या माहेरचं आडनाव घ्यायचं, त्याचा अर्थ काय, ते आलं कुठून आणि आज किती लोक ते लावतात ते बघायचं. मैत्रिणींच्या आज्या म्हणे एकेक किल्लेदारांच्या आणि सरदारांच्या घरातल्या निघाल्या होत्या. "आजी, तुझं राजेश्वरकर ना?" तिने विचारलं. आमच्या घरात सगळ्यांना तेच माहीत आहे. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि काय झालं कोण जाणे, वय झालं की जीभ ताब्यात राहत नाही म्हणा, माझ्या तोंडून निघून गेलं, "नुच्चे." तिला वाटलं मी काहीतरी कानडी बोलले. मी पुन्हा सांगितलं, तिने ते टाइप केलं, आणि तिच्या त्या शहाण्या मोबाइलने पोरीची चूक झाली असं समजून आपणहून ते सुधारलं. पडद्यावर उमटलं, लुच्चे. नात हसत हसत पलंगावर आडवी झाली. "आजी, तू लुच्चे?" मीही हसले. मग चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उगाच उभी राहिले. साठी उलटून गेलेली बाई मी, आणि कान असे तापले होते की जणू आत्ता शाळेतूनच आलेय.

शाळेत पहिल्या दिवशी हेच झालं होतं. आम्ही गुलबर्ग्यात राहायचो. अप्पा, म्हणजे माझे वडील, तिथल्या एका डाळीच्या गिरणीत तुरीच्या खरेदीचं बघायचे. आमचं मूळ गाव राजेश्वरजवळचं एक लहानसं खेडं. पूर्वी आमचे लोक मेंढरं राखायचे, मग त्यांनी शेती धरली आणि अप्पांनी शहर. मला आणि अक्काला, माझ्या मोठ्या बहिणीला, मराठी शाळेत घातलं होतं. गुरुजी सोलापूरकडचे होते. हजेरी घेताना ते माझ्या नावावर थांबले, चष्मा वर केला आणि अगदी निष्पापपणे म्हणाले, "नुच्चे? लुच्चे तर नव्हे?" त्या एका वाक्यावर माझं सगळं शाळेचं वय खर्ची पडलं. वर्गातली मराठी मुलं मला लुच्ची म्हणायची, गल्लीतली दखनी बोलणारी पोरं अप्पांची सायकल दिसली की "लुच्चे सेठ आए" म्हणून ओरडायची. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण कानडी मुलींना नुच्चूचा खरा अर्थ ठाऊक होता. नुच्चू म्हणजे जोंधळ्याच्या कण्या, गरिबाघरचं खाणं. त्या आम्हाला बघून तालावर म्हणायच्या, "नुच्चु, नुच्चु, मज्जिगी!" मज्जिगी म्हणजे ताक. म्हणजे मराठी माणसाला आम्ही बदमाश आणि कानडी माणसाला आम्ही कण्या. दोन भाषांच्या मध्ये राहायचं सुख लोक सांगतात, मला त्यातलं हे आलं वाट्याला. अक्काचा स्वभाव वेगळा. ती मागे वळून कमरेवर हात ठेवून म्हणायची, "व्हय, नुच्चू. येतीस का खायला?" तेव्हा मी चार पावलं मागे राहायचे. आम्ही दोघी बरोबर नाही असं लोकांना वाटावं म्हणून.

आणि गंमत अशी की घरात नुच्चू रोज असायचा. आईचं जातं दोन खोल्यांच्या मधल्या चौकटीपाशी होतं. पहाटे त्याची घरघर सुरू झाली की तिच्यामागे गिरणीची धडधड ऐकू यायची, तोवर आमचा डोळा उघडलेला असायचा. भरडलेला जोंधळा चाळला की पीठ खाली पडायचं आणि कण्या चाळणीत राहायच्या. आई त्या धुऊन, मीठ घालून, आधणाच्या पाण्यात सोडायची. शिजताना त्याचा एक जाड, बुडबुड्यांचा आवाज येतो, मेंढरू चघळत बसल्यासारखा. गरम असताना पुंडीच्या भाजीबरोबर, म्हणजे तुमच्या अंबाडीच्या आंबट पाल्याबरोबर, आणि उरला तर संध्याकाळी ताकात कालवून कांद्याच्या फोडीबरोबर. आई उदगीरकडची, तिला भाताची सवय. ती तोंड वाकडं करून खायची आणि म्हणायची, "नाव बी तेच आन गिळायचं बी तेच." मला मात्र नुच्चू आवडायचा. ही गोष्ट मी कुणाला सांगत नसे. शाळेतल्या मैत्रिणीने काय खाल्लंस विचारलं की मी वरणभात सांगायचे आणि दातात पुंडीचं पान अडकलेलं नाही ना, हे जिभेने चाचपून बघायचे.

अप्पांना या नावाची लाज नव्हती असं आम्हाला वाटायचं. कारण त्यांच्याकडे गोष्ट होती. कुणी नवीन माणूस भेटला आणि त्याच्या भुवया जराशा वर गेल्या की अप्पा ती गोष्ट काढायचे. निजामाच्या अमलात म्हणे एकदा मोठा दुष्काळ पडला. माणसं झाडपाला खायला लागली. तेव्हा अप्पांच्या पणजोबांनी घरातला जोंधळा बाहेर काढला, वेशीवर तीन धोंड्यांची चूल मांडली, त्यावर कढई चढवली आणि येईल त्याला नुच्चू वाढला. जात बघितली नाही, गाव बघितलं नाही. म्हणून लोक आम्हाला नुच्चे म्हणायला लागले. "नुच्चे म्हणजे काय साधं नाव न्हाई," अप्पा बोट वर करून म्हणायचे, "अन्न घालणाऱ्याचं नाव हाय ते. म्हणून तर आख्ख्या मुलुखात तीनच घरं हाईत." गोष्ट तीच, पण कढई दरवर्षी मोठी व्हायची. मी लहान असताना ती दोघांनी उचलायची होती. मी मॅट्रिकला गेले तोवर तिला बैल जुंपायला लागले होते. आई आतून हळूच म्हणायची, "आता काय हत्ती आणतात वाटतं." पण मी त्या कढईला घट्ट धरून होते. कुणी चिडवलं की मी मनात ती कढई आठवायचे आणि मला जरा बरं वाटायचं.

अक्काला स्थळं यायला लागली तशी या नावाने आणखी एक वाट अडवली. उदगीर, निलंगा, इकडच्या मराठी घरांतून निरोप यायचे आणि नाव ऐकून चेष्टा व्हायची. एका ठिकाणच्या बाईंनी तर मध्यस्थाला सरळ विचारलं, की पत्रिकेत हे नाव आम्ही छापायचं कसं. अक्का काळीसावळी, उंच, बोलायला फटकळ. त्यात हे नाव. वय वाढत चाललं आणि आई तिच्यासमोर उसासे टाकायला लागली. तेव्हा चिटगुप्प्याचं एक स्थळ चालून आलं. बाजारात किराणा दुकान, घरची शेती, मुलगा शिकलेला आणि शांत. घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. अप्पा म्हणाले, "हे जमलं तर जमलं." आईने त्या दिवशी देवापुढे दोन दिवे लावले. हे स्थळ गेलं तर पुढचं येणार नाही, असं सगळ्यांच्याच मनात होतं.

मुलगा, त्याचा काका आणि त्याच्या वडिलांची आत्या असे तिघं आले. आत्याबाईंना सगळे दोड्डव्वा म्हणत. त्या घरातल्या थोरल्या, पांढरं लुगडं, कमरेला लहानसा पितळी खलबत्ता, त्यात पान कुटत बसायच्या, कारण दात राहिले नव्हते. काका गप्पिष्ट होते. आईने सुसला केला होता, भिजवलेल्या चुरमुऱ्याचा, वर शेंगदाणे आणि लिंबू, आणि मिरचीची भजी. अक्का हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात, पडद्याआड. सगळं बरं चाललं होतं. मुलगा अक्काकडे चोरून बघत होता आणि अक्का त्याच्याकडे उघड बघत होती. मग काकांनी भजं तोंडात टाकता टाकता विचारलं, "ते तुमचं आडनाव कसं हो पडलं? येताना आमी गाडीत हेच बोलायलो होतो." अप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी मांडी ठीक केली आणि कढई चढवली. त्या दिवशी ती कढई एवढी मोठी झाली की तिच्यात माणूस उभा राहिला असता. मला पडद्याआड अभिमान वाटत होता, हे इथे लिहून ठेवते.

दोड्डव्वांचा खलबत्ता थांबला. "कोंची कढई?" त्यांनी विचारलं.

"आं?" अप्पा म्हणाले.

"कढई म्हणायलाव न्हवं तुमी. कोंची? त्या साली तुमच्या घरात चूलच पेटंना झाली हुती." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एखाद्याची चुकलेली वाट सांगावी तसं त्या सांगत होत्या. "तुमच्या पणज्यानं आपली पोर दिली आमच्यात. अर्ध्या पोत्या नुच्चूवर. लहान पोर हुती, वटीत खेळायच्या वयाची. तिला आमच्या दारात सोडली, पोतं खांद्यावर टाकलं आन गेला. ती माझी आज्जी. माज्या बापाची आई."

अप्पा हसले. ते हसणं मी अजून विसरलेले नाही. "असंल, असंल," ते म्हणाले, "जुन्या गोष्टी, कुणी काय बी सांगतंय."

"कुणी न्हाई, आज्जीनंच सांगितलंय. मी तिच्या मांडीवर वाढलेव." दोड्डव्वांनी पानाचा गोळा गालात सारला. "गाव तिला म्हणायचं, नुच्चु कोट्टु तंद हेण्णु. नुच्चू देऊन आणलेली बाई. मग तेवढं लांब कोण म्हणतंय, नुच्चव्वा म्हणायला लागले. तिचा भाऊ, तुमचा आज्जा, सणासुदीला भेटायला येयाचा. लोक म्हणायचे, नुच्चव्वाचे आले, नुच्चव्वाचे आले. मग नुसतं नुच्चे. तेच धरलाव तुमी. कढई न्हाई न् काय न्हाई, आमच्या आज्जीचं नाव हाय ते तुमच्याजवळ."

काकांना ते सोसवलं नसावं. ते मोठ्याने हसून म्हणाले, "मग बरं हाय की अप्पा! तवा पोर घेताना आमी दिलं, आता पोर देताना तुमी द्या. फिटंफाट!" मुलाने मान खाली घातली. अप्पांचा हात सुसल्याच्या ताटलीत होता तो तिथेच राहिला. चुरमुरे बोटांना चिकटले होते आणि ते झटकायचं त्यांना सुचत नव्हतं. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मला घेऊन जावी. त्या पोरीची नाही हो, मला लाज वाटली ती अप्पांची, आमच्या घराची, आईच्या फाटक्या पडद्याची, आणि परक्या माणसांसमोर फुटलेल्या त्या कढईची. त्या लहान पोरीचा विचार मला त्या वेळी आलाच नाही. तो आला अक्काला.

पाटावरून अक्का म्हणाली, "तिचं घरचं नाव काय हुतं?"

मुलगी बघायला आलेल्यांना मुलीने उलट प्रश्न विचारायचा नसतो. आई आत दचकली. दोड्डव्वांनी अक्काकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "नुच्चव्वा," त्या म्हणाल्या.

"ते तुमी ठेवलेलं. आमच्या घरी तिला काय म्हणायचे?"

दोड्डव्वा बराच वेळ आठवत राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते. शेवटी म्हणाल्या, "ते न्हाई बाई ठाव. कुणी इच्यारलंच न्हाई तिला." अक्काने अप्पांकडे बघितलं. अप्पांनाही ठाऊक नव्हतं. आमच्या घरात पणजोबांचं नाव होतं, त्यांच्या बापाचं होतं, मेंढरांच्या कळपातल्या एका शहाण्या कुत्र्याचंसुद्धा नाव अप्पा सांगत. त्या पोरीचं नव्हतं.

पाहुणे गेले. अप्पा जेवले नाहीत. दोन दिवस त्यांनी कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. गिरणीतून आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे. मग चिटगुप्प्याहून निरोप आला, मुलगी पसंत आहे, देण्याघेण्याचं काही बोलू नका, दोड्डव्वांनी काकांना दम भरलाय. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण अप्पा उठून बसले आणि म्हणाले, "न्हाई. त्या घरात एक गेली ती बास झाली. पुन्हा त्याच दारात पोर नेऊन सोडायची व्हय? लोक काय म्हणतील? नुच्च्यांनी पुन्हा पोर दिली म्हणून हसायचे." मला त्यांचं पटलं होतं. त्या घरात जायचं म्हणजे ही गोष्ट रोज ताटात घेऊन बसायचं.

अक्का भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. "अप्पा, मला तिथंच द्या," ती म्हणाली. "पोरगा बरा हाय. आन त्या घराला आपलं समदं ठाव हाय. तिथं मला कढई सांगायची गरज न्हाई." अप्पा उठून बाहेर गेले आणि उंबऱ्यावर बसले. कढईची गोष्ट त्यांनी नंतर कधीच, कुणालाच सांगितली नाही. कुणी नावाचा अर्थ विचारला तर म्हणायचे, "गावाकडचं नाव हाय, काय अर्थ न् काय." पुढे तेही सोडून ते गावावरून राजेश्वरकर सांगायला लागले. मला ते सगळ्यात जास्त टोचायचं आणि सगळ्यात जास्त हवंही असायचं.

लग्नात सासरी ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवीन नाव लिहितात. त्या वेळी बायकांनी तीन-चार चांगली नावं काढून ठेवली होती. अक्का म्हणाली, "शांताच लिव्हा." तिचं हेच नाव, घरचं. बायका कुजबुजल्या, एकीने तर तोंडाला पदर लावला. दोड्डव्वा म्हणाल्या, "लिव्हा गं तिचं तेच. एकीचं पुसलं तेवढं पुरे झालं." मी तांब्या घेऊन तिथेच उभी होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण सगळा मांडव आमच्याकडे बघत होता.

माझं लग्न त्यानंतर काही वर्षांनी झालं, उदगीरला, पाटलांच्या घरात. पत्रिकेत राजेश्वरकर छापलं. मी माहेरची महादेवी. त्यांच्या ताटात माझं नाव मीनाक्षी लिहिलं गेलं. कुणी मला विचारलं नाही आणि मला विचारलेलं नकोच होतं. अक्षरं सुबक होती. मी ती बघितली आणि माझ्या अंगावरून एक ओझं उतरलं. महादेवी गेली, नुच्चे गेलं, गुलबर्ग्याची गल्ली गेली. अप्पांना मुलगा नव्हता. बाकीच्या दोन घरांतल्या चुलतभावांनी पुढे काहीबाही करून पाटील लावलं. आज नुच्चे आडनावाचा माणूस माझ्या माहितीत एकही नाही. नातीच्या मोबाइलला ते नाव ओळखता आलं नाही यात त्याची चूक नाही.

पण तो मोबाइल आणि ते लुच्चे मला राहू देईना. मागल्या महिन्यात मी चिटगुप्प्याला गेले. मनाशी ठरवून गेले होते की आता पुरे, आता कशाची लाज. अक्का आता वाकली आहे, पण आवाज तोच. तिने पुंडीची भाजी केली होती आणि नुच्चू. दोघी चुलीपाशीच बसलो. खदखदत्या भांड्यातून तोच वास येत होता, आणि मी मनापासून खात होते. एवढ्यात परसदारातून एका बाईचा आवाज आला, "नुच्चव्वा! वs नुच्चव्वा!"

माझा घास हातात राहिला. मला वाटलं अक्का आता फाडकन काहीतरी बोलणार. ती म्हणाली, "आले गं," आणि उठली. ताकाचं भांडं भरता भरता माझ्याकडे बघून म्हणाली, "कामून बघायलीस अशी? मीच सांगितलंय समद्याला, असंच हाक मारा म्हणून. दोड्डव्वा गेली त्या सालापासून. तिचं घरचं नाव तर कुणाला गवसलं न्हाई. हे तरी कुणाच्या तोंडात ऱ्हाऊ दे."

बाई आत आली. ताक घेतलं, आणि माझ्याकडे बघून हसली. "ह्या कोण म्हणायच्या? माहेरच्या काय?"

अक्काने उत्तर दिलं नाही. तिने मुद्दाम दिलं नाही, हे मला कळलं. तिची पळी भांड्याच्या काठावर टेकली होती आणि ती वाट बघत होती. आडनाव माझ्या ओठांवर होतं. एवढासा शब्द. नातीसमोर न ठरवता निघालेला, इथे ठरवून आणलेला.

"मी मीनाक्षी," मी म्हणाले. "उदगीरच्या पाटलांची."

"व्हय का," म्हणून ती बाई गेली. अक्का खाली बसली आणि तिने माझ्या ताटात आणखी एक पळी नुच्चू वाढला.

"खा," ती म्हणाली. "गार व्हायलाय."